सायकलीवर कंपनीची टोपी

"हेल्मेट घालून पण डोक्याला लागलंच ना, मग घालायचं कशाला?" आळीत अजून कोणी असं बोललं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, हेल्मेट होतं कुठं ते?

माझे मालक डोलवीजवळ एका ठेकेदाराकडे फिटर होते. शिफ्टला सायकलीने जायचे, डोक्यावर कामावरची पिवळी, कडक प्लास्टिकची टोपी. आमच्याकडे सगळेच तसे जातात. डोकं झाकलं, झालं. मीच ती टोपी रविवारी साबणाने घासायची, निघताना मीच हातात द्यायची आणि निर्धास्त भांड्यांना लागायची. माझाच मला राग येतो.

दिवाळीनंतर एकदा डंपरमधून सांडलेल्या बारीक खडीवर चाक घसरलं. कोणी ठोकलं नाय, नुसते पडले. टोपीला हनुवटीखाली पट्टा नव्हता. ती आधीच उडाली आणि कानशील डांबरावर आपटलं. वरून चार टाके, पण आत मेंदूला मार बसला.

पुढे लेकीला सायकल घेतली, तेव्हा मी माहेरी, रोह्याजवळच्या वरसे गावी गेले होते. रोह्यातल्या दुकानदाराने सायकलचं हेल्मेट उलटं करून दाखवलं. आत बोटभर जाड फोम, थर्माकोलसारखा. पडलं की हा चेपतो, बराचसा मार स्वतः खातो. त्याच्या आत सैल अस्तर, तिरकं आपटलं तर ते थोडं सरकतं आणि डोक्याला हिसका कमी बसतो. एकदा जोरात आपटलं की बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं. आणि कामावरची टोपी? ती वरून पडणाऱ्या नट-बोल्टासाठी. रस्त्यावर कुशीवर पडणाऱ्या माणसासाठी ती बनवलेलीच नाय. एवढीशी गोष्ट! मी दुकानातच रागाने रडले. आम्हाला कोणी सांगितलं नाय, आणि मेलं मी तरी कधी विचारलं?

घरी मालकांनी ते हेल्मेट हातात घेतलं, आतला फोम अंगठ्याने दाबून बघितला. हात अजून फिटरचेच आहेत, पण सकाळचं दुपारी आठवत नाय.

"मला असं का नाय आणलंस गो?"

"मला म्हाईत नव्हतं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेला निघाली, तेव्हा त्यांनी हेल्मेट घेतलं, अंगठ्याने दाबलं आणि तेच विचारलं. आता रोज विचारतात, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. आणि रोज सकाळी, तव्यावरची भाकरी तशीच ठेवून, मला उत्तर द्यावं लागतं.