सुरमईला उत्तम क्षमा

आक्का, निपाणीहून माझी मोटार सुटताना आप्पा काय म्हणाले ते तुलाही ऐकू आलं होतं. "पोटासाठी जातोयस, जा. पर समुद्रावरचं कायबी घरात आणू नकोस. तोंडातनंसुदिक न्हाय." वेंगुर्ल्याला मास्तरकी मिळालेली. आपण पडलो जैन. घरात 'काप' हा शब्दसुद्धा आईला खपायचा नाही, 'भाजी नीट कर' म्हणायचं. बेळगावला मोटार बदलली, आंबोलीचा घाट उतरलो, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

वेंगुर्ल्यात दाराबाहेर पाऊल टाकलं की मासे! उपरणं नाकाला लावून फिरायचो. शेजारची मासेवाली हसायची. "मास्तरांनू, खाव नकात, पण नाव तरी इचारा!" विचारलं, आणि झालं! अंगावर सुरम्याची छटा म्हणून ती सुरमई. तांब्यासारखी लाल ती तांबोशी. पाठीवरचा पंख पिसाऱ्यागत उभारतो तो मोरमासा. साहेब लोक गळ टाकून त्याच्याशी नुसतं झुंजायला होड्या काढायचे. मासा मी कधी तोंडात घातला नाही, पण या नावांनी मला वेडच लावलं.

पर्युषणाला घरी आलो. तू नवं लुगडं नेसलेलीस. जेवता जेवता मी बोलून गेलो, "सुरमई शोभतंय गं आक्का. त्या माशाचं नावबी ह्याच रंगावरनं पडलंय." आप्पांनी ताटावरनं उठून हात धुतले. "ह्यो खातोय," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासनं माझं ताट ओसरीवर. शपथा घेतल्या, रडलो. आपल्याच घरात परका! लई लागलं गं.

क्षमावणीच्या दिवशी आत सगळे एकमेकांची क्षमा मागत होते, मी बाहेरच. आई येऊन शेजारी बसली. "तू खाल्लं न्हाईस, मला ठावं हाय. त्या जिवांची नावं सांग." मी भीत भीत सांगितली. तिनं हात जोडले. "सुरमई, उत्तम क्षमा. तांबोशी, उत्तम क्षमा. मोरमासा, उत्तम क्षमा."

आप्पा दारात येऊन उभे होते. मग म्हणाले, "आनी कोन कोन हाईत रं?" त्या दिवशी मी पंगतीत त्यांच्या शेजारी जेवलो.

आता आई-आप्पा दोघंही नाहीत. इथं वेंगुर्ल्यात आपल्या गावच्या तंबाखूच्या वासाची आठवण येते, निपाणीत आलो की लाटांचा आवाज नाही म्हणून झोप लागत नाही. कुठंच करमत नाही बघ. बंदरावर मात्र कुणी नवं नाव सांगितलं की माझे हात आपसूक जोडले जातात. तेवढा वेळ मी घरी असतो.