आत्याबाईंचं पायदान

आमच्या आत्याबाई बाजारात शेळीचा दर रुमालाखाली कधीच बोलल्या नाहीत. व्यापारी रुमाल पुढं करून त्याखाली बोटं दाबून दर सांगायला बघायचा, तेव्हा त्या हात मागं घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मला काय चोरीचा माल इकायचा न्हाय. तोंडानं बोला, चारचौघांना ऐकू येऊ द्या." मग त्यांचा आवाज असा निघायचा की पलीकडं भाजी घेऊन बसलेल्या बायाही मान वळवून बघायच्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना आत्याबाई म्हणत आले आणि सासऱ्यांना मामा. बार्शीकडच्या वाशीच्या अलीकडं डोंगराच्या उतारावर आमची वस्ती आहे. जमीन थोडी, बाकी सगळं शेळ्या-मेंढ्यांवर. मामांनी घेतली तेव्हाच जुनी असलेली एक पांढरी पिकअप दारात होती. आधी ती मामा चालवायचे, पुढं त्यांचा मुलगा, माझे मालक, चालवायला लागले. चालवणारा बदलला तरी डावीकडची खिडकीची जागा आत्याबाईंचीच राहिली.

त्या खिडकीची काच त्यांनी थंडीतसुद्धा वर करू दिली नाही. बाजारला जाताना रस्त्यात जो भेटेल त्याच्याशी त्यांना बोलायचं असायचं. कुणाच्या पोरीचा ताप उतरला का, कुणाची म्हैस व्याली का, कुणाचा जावई परत आला का. मालक वैतागून गाडी रेटायचे, तेव्हा त्या दारावर थाप मारायच्या. "अरं, माणूस बोलतंय. हळू घे. बाजार काय पळून चाललाय व्हय?" घरी येईपर्यंत सगळ्या खोऱ्याची खबर त्यांच्याजवळ असायची. ती त्या रात्री भाकरी थापताना मला सांगायच्या. मी फारशी कुठं जात नसे, पण त्यांच्यामुळं मला सगळं गाव माहीत होतं.

पिकअपमध्ये चढायची त्यांची एक तऱ्हा होती. लुगड्याचा काठ वर खोचायचा, दाराच्या वरचा दांडा धरायचा, डावा पाय सरळ वर पत्र्यावर टाकायचा आणि एका झटक्यात आत. मामा नेहमी म्हणायचे, "अगं, जरा दमानं." त्या आत बसून म्हणायच्या, "तुमी चढा दमानं. तुमची वाट बघत बसलेय मी."

मग एका सकाळी गोठ्यात आमच्याच एडक्यानं त्यांना मागून धडक दिली. पडल्या त्या दगडी गव्हाणीवरच. खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, कितीतरी महिने त्या खाटेवर होत्या. काठी घेऊन चालायला लागल्या तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. चालता येत होतं, पण डावा पाय गुडघ्याएवढा वर उचलत नव्हता.

तरी पहिल्यांदा बाजारला निघाल्या. मालकांनी आणि मामांनी दोन्हीकडून धरून त्यांना उचलून आत बसवलं. उतरवायचीही तीच गत. वाशीच्या बाजारात, भर गर्दीत, दोघांनी त्यांना काखेत हात घालून खाली घेतलं. लुगडं वर गेलं, काठी पडली. समोर रशीदभाई उभे होते. हे नळदुर्गकडचे व्यापारी, आत्याबाईंशी वर्षानुवर्षांचा व्यवहार आणि तेवढीच थट्टा. ते हसून म्हणाले, "काय आज्जी, आज म्हातारी बी इकायला आणली काय?"

आजूबाजूचे हसले. आत्याबाईही हसल्या. मी त्या दिवशी सोबत होते म्हणून सांगते, त्या मोठ्यानं हसल्या. पण परत येताना त्यांनी काच वर करून घेतली.

त्यानंतर त्या बाजारला गेल्याच नाहीत. विचारलं की म्हणायच्या, "आता कंटाळा आला त्या धुराळ्याचा." बाजारच्या दिवशी गाडी निघायची वेळ झाली की त्या घरात जाऊन धान्य निवडत बसायच्या. निवडलेलंच पुन्हा निवडायच्या. भाकरी थापताना आम्ही दोघी गप्प असायचो, कारण सांगायला त्यांच्याजवळ काही नव्हतं आणि मला विचारायचं काय ते कळत नव्हतं. घर होतं तेवढंच होतं, पण त्या दिवसांत ते फार लहान वाटायला लागलं.

पुढं एकदा गाडीचा आरसा फुटला म्हणून मालकांबरोबर मी बार्शीला मोडीच्या गाड्या असतात तिथं गेले. कुठल्यातरी नव्या मोठ्या गाडीची दोन पायदानं तिथं पत्र्यांच्या ढिगावर पडलेली दिसली. लांब नळी आणि तिच्यावर पाय ठेवायला काळ्या रबराची जागा. मी म्हणाले, "ही आपल्या गाडीला बसतील का?" मालक म्हणाले, "त्या गाडीची ही. आपल्या म्हातारीला असली झालर कशाला?" म्हातारी म्हणाले ते गाडीला, पण घरातलीही त्यांच्या लक्षात आली असावी. त्यांनी पायदानं उचलून गाडीत टाकली.

वाशीतल्या मिस्त्रींनी ती बसवायला जवळजवळ दिवस घालवला. भोकं जुळत नव्हती. दाराखालचा पत्रा गंजानं खाल्लेला, त्याला जोड धरेना. शेवटी त्यांनी खालच्या चॅसीला लोखंडी अँगल लावून नटबोल्टनं पायदानं पक्की केली. वर उभं राहून उड्या मारून दाखवल्या. आम्ही खुशीत घरी आलो.

आत्याबाईंनी दारातूनच बघितलं. "हे कुणासाठी?"

मालक म्हणाले, "तुझ्यासाठी, आये."

"माझ्यासाठी गाडीला कुबड्या लावल्या व्हय," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

मग मामांनी एक गंमत सुरू केली. मामांचे गुडघे चांगले होते, डोंगर चढून मेंढरं आणायचे. पण ते मुद्दाम आत्याबाईंसमोर पायदानावर पाय ठेवून कण्हत चढायचे आणि म्हणायचे, "लई झ्याक झालं बघ हे. माझं गुडघं वाचलं." आत्याबाई तोंड फिरवून मला म्हणायच्या, "बघ, तमाशा बघ म्हाताऱ्याचा." हसू दाबलेलं मात्र दिसायचं.

एका दुपारी मामा आणि मालक रानात होते. मी पाणी भरून येत होते, तर आत्याबाई गाडीपाशी एकट्या उभ्या. एका हातानं दांडा धरलेला, दुसऱ्या हातात काठी. पाय उचलायच्या, पायदानाला टेकवायच्या, पण वर भार टाकता यायचा नाही. मी भिंतीआड थांबले. त्यांनी पुन्हा पुन्हा करून बघितलं आणि काठी टेकत घरात गेल्या.

संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्या मिस्त्रीनं माणूस न बघता पायदान बसवलंय. आणखी खाली पायजे ते."

दुसऱ्याच दिवशी मी मालकांना मिस्त्रींकडं पिटाळलं. गाडी त्यांच्याकडं न्यायची नव्हती, त्यांनाच घरी आणायचं होतं. ते ड्रिल मशीन घेऊन आले. आत्याबाई दांडा धरून दारासमोर उभ्या राहिल्या आणि पाय जेवढा उचलतोय तेवढा उचलून म्हणाल्या, "हितं. ह्याच्या वर न्हाय."

मिस्त्री वाकून बघत म्हणाले, "आज्जी, एवढं खाली घेतलं तर वाटंत दगडाला लागंल. वाकंल."

"वाकू दे की. लोखंड वाकलं तर सरळ करता येतंय. माझं हाड वाकत न्हाय बाबा, मोडतंय."

मिस्त्री हसले आणि कामाला लागले. आत्याबाई खुर्ची टाकून शेजारीच बसल्या. मधेच थांबवायच्या, उठून पाय ठेवून बघायच्या, पुन्हा बसायच्या. चहा झाला, उन्हं कलली. शेवटी त्यांनी दांडा धरला, पाय टाकला, दुसरा पाय त्याच्या शेजारी आणला, जरा थांबल्या आणि आत जाऊन बसल्या. मामा उगाचच टायरमधली हवा बघत होते.

पुढच्या बाजारला आत्याबाई वाशीत स्वतः उतरल्या. रशीदभाई समोरच होते. ते काही बोलायच्या आत आत्याबाईंचा आवाज निघाला, "आज म्हातारी इकायची न्हाय. आज ती घ्यायला आलीय. तो काळा बोकड दाखवा." रशीदभाईंनी दोन्ही हात कानांना लावले आणि बोकड पुढं आणला.

पायदान दगडाला लागायचं, मिस्त्री म्हणाले होते तसंच. ओढ्याच्या वळणावर दर खेपेला कर्रकन आवाज यायचा. मालक कुरकुरायचे, मिस्त्री हातोड्यानं सरळ करून द्यायचे. हळूहळू वस्तीतल्या इतर म्हाताऱ्याही बाजारच्या दिवशी आमच्या दारात यायला लागल्या. श्रावणात आत्याबाईंनी त्यांना येडशीच्या रामलिंगाला नेऊन आणलं. एकेकीला चढताना त्या सांगायच्या, "घाई करू नकोस. गाडी कुठं जात न्हाय तुला सोडून."

अशी काही वर्षं गेली. त्यांना दम लागायला लागला तेव्हा त्या मला बरोबर नेऊ लागल्या. स्वतः गाडीतच बसायच्या, दार उघडं ठेवून, पाय पायदानावर सोडून. "आज तू बोल," म्हणाल्या. मी दर बोलले. आवाज कापला. त्या मधे पडल्या नाहीत. परत येताना फक्त म्हणाल्या, "बरं बोललीस. भ्यालीस तेवढं न्हाय भ्यायचं."

थंडीत त्या गेल्या. ताप आला, तो छातीत उतरला. घरीच, मामांच्या समोर.

दिवसकार्य झाल्यावर पहिल्या बाजारला मी आणि मालक शेळ्या घेऊन गेलो. मालक मागची फळी काढायला गेले. रशीदभाई त्यांच्या शेळ्या ओढत सरळ माझ्या दाराशी आले. मध्ये ते कर्नाटकाकडं गेले होते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आत वाकून बघत म्हणाले, "वहिनी, आज्जी उतरल्या का? कुठं गेल्या?"

मी सांगितलं.

ते मागं सरकले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि पायदानावर खाली बसले. हातातली दावी कधी सुटली त्यांना कळलं नाही. शेळ्या भाजीच्या पालाकडं निघाल्या, तिकडून कुणीतरी ओरडलं. त्यांनी मान वर केली नाही. मी मालकांच्या बाजूनं उतरले, धावत जाऊन दावी धरली आणि ते उठेपर्यंत त्यांच्या शेळ्या धरून उभी राहिले.