चुकलेला फाटा

गुरुवारचा उपास मी लग्नाआधीपासून करते आहे. पण खरं सांगायचं तर दत्तमहाराज माझं ऐकतात की नाही, याची मला कधीच खात्री नव्हती. त्यात त्यांचा काही दोष नाही, माझं मनच एका जागी बसत नाही. हातात जपमाळ आणि डोक्यात गॅसवरचं दूध, असा माझा जप. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे ती आहे, मनालाही आहे. यांच्या सरकारी नोकरीत बदल्या होत होत आम्ही कोलकात्यात गार्डन रीचला येऊन पडलो, तेव्हा मी देवाला एकदा सुनावलंसुद्धा होतं. तुम्ही एका गावी स्नान करता, दुसऱ्या गावी भिक्षा मागता आणि तिसऱ्याच गावी निजता, म्हणून भक्तांनीही तसंच फिरत राहायचं का?

इथे आल्यावर यांना सायकलीचं वेड लागलं. मधुमेह जुना, आता इन्सुलिनवर गेलेला, त्यामुळे डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. त्यांनी चालायला सांगितलं आणि यांनी सायकल घेतली. मग एकट्याने काय जायचं म्हणून मलाही घेऊन दिली. यांना हवे असत ते रिकामे रस्ते. गाडी नाही, हॉर्न नाही, माणूस नाही, दोन्ही बाजूंना झाडं आणि मधून आपण. मला त्या शांततेत कसंतरीच होई. मला एस्प्लनेडच्या बाजाराची गर्दी बरी वाटते. चहूकडून ओरडाआरडा असला की आपल्या मनाचा गोंगाट ऐकू येत नाही.

त्या थंडीत एका गुरुवारी सुट्टी आली. यांनी शुक्रवारची रजा टाकली, गाडीच्या मागे सायकली बांधल्या आणि आम्ही आदल्या संध्याकाळी झारग्रामच्या बाजूला जंगलाकाठच्या एका लहानशा गेस्ट हाऊसवर मुक्कामाला गेलो. तिथली माती आपल्या कोकणासारखी लाल. कोलकात्याची सपाटी संपून जमीन तिथे वर-खाली होऊ लागते आणि सालाची उंच सरळ झाडं सुरू होतात. रस्त्याच्या तोंडाशी हत्तीचं चित्र असलेली पाटी होती. ती बघून मला रात्री नीट झोप लागली नाही. हे मात्र घोरत होते.

सकाळी मी पिशवीतली दत्ताची तसबीर टेबलावर ठेवली आणि खडीसाखरेचा नैवेद्य दाखवला. आमच्या घरी प्रसादाचा एक नियम आहे. यांना साखरेचा त्रास सुरू झाल्यापासून गोड प्रसाद मी यांच्या हातावर ठेवते, हे तो डोळ्यांना लावतात आणि मला परत देतात. देवाचा मान राहतो आणि डॉक्टरांचाही. त्या दिवशीही तसंच झालं. माझा उपास असल्याने परत आलेली खडीसाखर मी रुमालाच्या कोपऱ्यात बांधून कमरेच्या पाउचमध्ये टाकली. उपासामुळेच मी नाश्त्याच्या टेबलाशी बसले नाही आणि यांनी काय खाल्लं ते पाहिलं नाही. यांनी इन्सुलिन घेतलं होतं, पण पुऱ्या तळून होईपर्यंत उन्हं वर येतील म्हणून नुसता चहा पिऊन उठले होते. हे मला नंतर कळलं.

रस्ता सुंदर होता, नाही कशाला म्हणू? पुढे एक फाटा लागतो आणि तिथून एक रस्ता वळसा घेऊन पुन्हा गेस्ट हाऊसलाच येतो, असं आम्हाला निघताना सांगितलं होतं. एक चढ, मग लांबलचक उतार, पुन्हा चढ. पानांमधून ऊन डांबरावर सांडलेलं. हे पुढे आणि मी मागे, नेहमीप्रमाणे. आमचा ठराव असा होता की यांनी हवं तितकं पुढे जावं, पण फाटा आला की थांबावं. इतक्या वर्षांत हा ठराव यांनी कधी मोडला नव्हता. उतारावर माझी चेन उतरली. ती चढवताना मी हाक मारली, पण हे वळण घेऊन दिसेनासे झाले होते. मी हात काळे करून चेन बसवली आणि चरफडत पुढे निघाले.

फाटा आला आणि तिथे हे नव्हते.

तिथे एक म्हातारी बाई बसली होती. पुढ्यात सालाच्या पानांचा ढीग, दातांत काड्या, आणि दोन्ही हातांनी ती पत्रावळी टाचत होती. फोनला रेंज नव्हती. मी हिंदीत विचारलं, "मौसी, इधर से एक साहब गए साइकिल पर?"

"गेछे, गेछे," ती मान वर न करता म्हणाली. हे आपल्या 'गेले'सारखंच, म्हणून मला कळलं. "और गेस्ट हाऊस?"

"डान दिके," ती दातांतल्या काड्यांमधून म्हणाली. "डान दिके जाओ, मा."

म्हणजे हे कंटाळून गेस्ट हाऊसकडे परतले तर! मला रागच आला. मी डावीकडे सायकल वळवली. मागून ती काहीतरी ओरडली. सावकाश जा म्हणत असेल, असं समजून मी न बघताच हात हलवला.

पुढचा रस्ता मात्र गेस्ट हाऊसकडे जाणारा वाटेना. झाडं जवळ जवळ आली, चढ संपेना. हे दिसेनात. मी हाका मारल्या, पण "अहो" या शब्दाला जंगलात काय उत्तर येणार! मला हत्ती आठवला. यांची साखर आठवली. सकाळी पुऱ्यांचा वास आला होता, पण ताट वाजल्याचं ऐकलं नव्हतं, हे तेव्हा एकदम लक्षात आलं. ज्या रस्त्यावर कुणी नाही म्हणून हे जीव टाकत होते, त्याच रस्त्यावर कुणी नाही म्हणून माझा जीव जायची वेळ आली. परत फिरावं का, ही वाट चुकली तर नाही, फाट्यावर जाऊन पुन्हा विचारावं का, की गेस्ट हाऊसवर जाऊन माणसं आणावीत? मन दहा दिशांना धावत होतं. मी सायकलवरून उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. जप सुरू केला तर शब्दच सुचेनात. शेवटी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, महाराज, मला काही कळत नाही. तुम्ही न्याल तिकडे जाते. आणि परत न फिरता तशीच पुढे निघाले. त्या क्षणी माझ्यात श्रद्धा वगैरे होती असं मी म्हणणार नाही. दुसरं काही हातात उरलं नव्हतं, इतकंच.

चढ संपल्यावर आधी यांची सायकल दिसली, वाळलेल्या पानांत आडवी पडलेली. हे जवळच एका बुंध्याला टेकून बसले होते. कडाक्याची थंडी आणि सदरा घामाने भिजलेला. हात थरथरत होते. मी धावत जाऊन खांद्याला धरलं, तर माझ्याकडे परक्यासारखं बघत म्हणाले, "तिकिटं काढलीस का?"

यांची साखर एकदम उतरली होती. मी काय करणार होते? आसपास घर नाही, दुकान नाही, वाहन नाही. आणि मग माझा हात कमरेच्या पाउचकडे गेला. रुमालाची गाठ सुटेना, मी ती दातांनी सोडवली. खडीसाखरेचा खडा यांच्या हातावर ठेवला.

यांनी तो डोळ्यांना लावला आणि मला परत दिला.

बायको ओळखू येत नव्हती, आपण कुठे आहोत ते कळत नव्हतं, पण प्रसाद परत द्यायचा हे त्या हाताला पाठ होतं. मला रडू फुटलं. "अहो, खा! आज खायचा!" मी ओरडले आणि एकेक खडा स्वतः यांच्या तोंडात घातला. हे चघळत राहिले. मी यांचा घाम पुसत राहिले. हळूहळू थरथर कमी झाली. मग यांनी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, चेन उतरली होती का?" त्या दिवशी दुसरा कुठलाही साक्षात्कार मला नको होता.

आम्ही सायकली हातात धरून, थांबत थांबत फाट्यापर्यंत उतरलो. आम्हाला पाहून ती बाई पत्रावळ टाकून उठलीच. "बोललाम तो, डान दिके! दुजनेई बाँये चोले गेले!" आणि या वेळी तिचे हात मोकळे होते. तिने उजवा हात उचलून उजवा रस्ता दाखवला.

दोघंही बाँये, म्हणजे डावीकडे गेलात, असं ती म्हणत होती. डान म्हणजे उजवं! यांनीही तिला वाट विचारली होती. डोकं जड झालं, आता परत जावं, असं वाटून हे माझी वाट न बघताच निघाले होते. आणि यांच्याही मराठी कानाला डान म्हणजे डावंच वाटलं होतं. तिने दोघांनाही अचूक वाट सांगितली आणि दोघंही सारखेच चुकलो. मला एवढं बंगाली येत असतं, तर मी उजवीकडे वळून गेस्ट हाऊसवर पोचले असते, यांची वाट बघत व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या असत्या, आणि हे त्या रिकाम्या रस्त्यावर बसून राहिले असते. पुढचा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

त्या माउलीने नुकत्याच टाचलेल्या पत्रावळीवर यांना मुडी, म्हणजे चुरमुरे, आणि केळं दिलं. हे खाली मान घालून शहाण्या मुलासारखे जेवले. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर ती संकोचून मागे सरली आणि हसली. बहुधा तिला वाटलं असेल, एवढा साधा शब्द न कळणारी माणसं, यांना काय म्हणायचं!

हा चमत्कार होता का, असं मला कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. मराठी माणसाच्या कानाची चूक, इतकंही म्हणता येईल. मन माझं अजून थाऱ्यावर नाही. जपाच्या वेळी दूध आजही उतू जातं. पण आता मी स्वतःवर पूर्वीइतकी चिडत नाही. ज्याला नेमकं हवं तिथे पोचवायचं असतं, तो आपल्या शहाणपणाची वाट बघत नाही, इतकं मला उमगलं आहे. गुरुवारी प्रसादाचा खडा हे अजूनही डोळ्यांना लावून परत देतात. तो मी कागदात गुंडाळून यांच्या सायकलच्या पिशवीत ठेवते. आणि हे खाऊन उठेपर्यंत, उपास असो नसो, समोरून हलत नाही.

परवा एस्प्लनेडहून टॅक्सीने घरी येताना चालकाने विचारलं, "डान दिके जाबो?" मी घाईने म्हटलं, "हो, डावीकडे." मग हे हसायला लागले आणि मीही. टॅक्सी उजवीकडे वळली. मी यांचा हात घट्ट धरला आणि मनात म्हटलं, महाराज, थोडं अडाणीपण माझ्याजवळ राहू द्या. सगळंच मला कळायला लागलं, तर तुम्हाला यायला वाट कुठली उरेल?