उशिराचं सुतक

जपानमध्ये मी काय शिकत होते, हे आमच्या चारकोपच्या सोसायटीत फक्त बाबांना नीट ठाऊक होतं. बाकीच्यांच्या मते मी तिकडे कॉम्प्युटरचं काहीतरी करत होते. खरं तर मी तिथल्या समाजाचा आणि राजकारणाचा अभ्यास करत होते. एम.ए.चा प्रबंध होता तिथल्या शेजारमंडळांवर. कचरा कधी टाकायचा, वर्गणी किती, कोण गेलं, असं सगळं कागदावर लिहून, परीक्षेला नेतो तसल्या पॅडला लावून घरोघर फिरवतात. वाचलं की शिक्का मारायचा आणि शेजारी नेऊन द्यायचं. निवडणूक आली की उमेदवारही याच मंडळांचे उंबरठे झिजवतात.

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे त्यांना यात भलताच रस. न वाचताच शिक्का मारून पुढे ढकलणारे तिथेही असतील ना, असं त्यांनी एकदा फोनवर विचारलं. असतात म्हटल्यावर खूश झाले. मग पाण्याच्या टाकीवरून त्यांचं कोणाशी वाजलं, तेही मला सविस्तर ऐकावं लागलं. माझ्या गाइडपेक्षा त्यांचेच प्रश्न जास्त अडचणीचे असत.

शेवटी शेवटी बाबा फोनवर येईनासे झाले. आई म्हणाली, गावी गेलेत, घराची कौलं परतायला, तिकडे रेंज नाही. आमच्या गावात खरंच रेंज नाही, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. प्रबंधाची तोंडी परीक्षा झाल्यावर मी आईला फोन केला. पास झालीस ना, असं तिने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली, "बाबा गेले गं. तेरावं पण झालं."

आमच्याकडे हे असंच करतात. परीक्षा असली की वाईट बातमी सांगत नाहीत. मामाला त्याची आजी गेल्याचं बारावीचा शेवटचा पेपर देऊन आल्यावर कळलं, हे घरात कौतुकाने सांगितलं जातं. मीही ते कौतुकानेच ऐकत आले होते. विमानात मात्र मी सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. सोसायटीच्या खालच्या फळ्यावर खडूने बाबांचं नाव लिहिलं असणार, इस्त्रीवाल्यापासून सगळ्यांनी ते वाचलं असणार. बातमी घरोघर कशी पोचते यावर मी अख्खा प्रबंध लिहिला, आणि माझ्या घरची बातमी मला सोडून सगळ्यांना पोचली.

घरी आले तर सगळं आटोपलेलं. फोटोला हार, दादा ऑफिसला, टीव्ही चालू. आत्या म्हणाली, "तुका कळला तेव्हापासून तुझा सुतक." म्हणजे घर सुतकातून बाहेर आलेलं आणि मी एकटी आत. कोणाच्या गळ्यात पडून रडावं तेच कळेना. मग मी आईवर भडकले, वाट्टेल ते बोलले. तुम्ही सगळे रडून मोकळे झालात, आता मी एकटीने काय करू, असंही म्हणाले.

आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हॉस्पिटलात त्यांनीच बजावलं होतं, आधी तिचं होऊ दे. आणि रोज संध्याकाळी तुझा फोन यायचा. रडले असते तर आवाजावरून तुला कळलं असतं ना. मी रडलेच नाही गं."

मी टीव्ही बंद केला आणि तिच्या शेजारी खाली बसले. मग आई रडली.