उलटी नाव

दर रविवारी मला नर्मदेपार नेणारा नावाडी आधी गमछ्यानं बसायची फळी पुसायचा, मग म्हणायचा, "बैठो, बाबूजी." त्याची काठावरची वस्ती कशी झाली, हे त्यानंच सांगितलं होतं. आजोबांची नाव तिथे फुटली, ती उलटी करून ते तिच्याखाली राहिले, तेच पहिलं घर.

पुढे ती वस्ती हटवायची फाईल माझ्याच टेबलावर आली. जुनेपणाचा पुरावा मागितला, तर हा आजोबांच्या नावेची काळी फळी खांद्यावर घेऊन ऑफिसात आला. गमछ्यानं पुसून ती माझ्यापुढे ठेवली. साहेब बघत होते. मी ओळख न दाखवता म्हणालो, "लकड़ी नहीं, काग़ज़ लाओ."

रविवारी त्यानं नेहमीसारखीच फळी पुसली. "बैठो, बाबूजी."

माझ्यानं बसवेना. पलीकडचा काठ येईपर्यंत मी उभाच होतो.