खलीलचं पोट आणि नांदेडचा मुक्काम

कोल्हापूरहून मुखेडला पोचलो तेव्हा खलील स्टँडवर उभाच होता. वसतिगृहातला माझा जुना खोलीमित्र आता गावात शिंप्याचं दुकान चालवतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माहूरला जाणार होतो.

सकाळी त्याच्या बायकोनं, नसीमभाभींनी, खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट, पातळ कालवण) वाढला. मी दोनदा मागून घेतला. खलीलनं ताट सरकवलं.

"काय रे?"

"गॅस हाय. लई महिने झाले, येतो न जातो."

एसटी निघाली. दोन्हीकडे सोयाबीनची हिरवी रानं होती. कंधार मागे पडलं तसा खलील पोट धरून वाकला आणि खिडकीतून ओकला. माहूर तिथंच राहिलं. नांदेडला उतरून मी रिक्षानं त्याला थेट दवाखान्यात नेलं. फोन करताच भाभी मागच्या गाडीनं आल्या.

सर्जन बाई तरुण होत्या. पोट हळूच दाबून त्यांनी सीटी स्कॅन करायला सांगितलं. फोटो बघून त्यांनी स्वतःच्या कोटाची बाही मनगटाकडून आत ढकलली.

"खलीलभाई, आतडं असं आतड्यात शिरलंय. लहान मुलांत हे दिसतं, मोठ्यांत क्वचित. मुलांचं बहुतेकदा ऑपरेशनशिवाय सुटतं. मोठ्यांत मात्र आत गाठ असण्याचा संभव जास्त. तीच आतडं ओढत नेते. तेवढा भाग काढून दोन्ही टोकं जोडावी लागतील."

"गाठ म्हंजे... तसली?" भाभींनी विचारलं.

"तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

खलील मला म्हणाला, "तुला फिरवायचं म्हणलं, अन् दवाखाना दाखवून राहिलो."

"गप पड," मी म्हणालो.

ऑपरेशन नीट झालं. मग सगळा वॉर्ड एकाच गोष्टीची वाट बघू लागला: खलीलला वारा कधी सरतो! आतडं चालू झाल्याची ती खूण. सरला तेव्हा शेजारच्या खाटेवरचे आजोबा ओरडले, "झालं गं माय, सुटला!" भाभी पदराआड हसता हसता रडल्या.

गाठीचा अहवाल यायचा होता, पण माझी रजा संपली. लातूरच्या एसटीत बसलो आणि वाटेत भाभींचा फोन आला. पलीकडं नुसते हुंदके.

"भाभी, बोला ना!"

"चरबीची गाठ हाय म्हणे. क्यान्सर न्हाई, भाईसाब. न्हाई!"

मी डोळे पुसले. शेजारच्या बाई शिरूर अनंतपाळच्या होत्या. "घरचं कुणी हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी त्यांच्याच बोलीत म्हणालो आणि आतड्याची सगळी कथा सांगितली. त्यांनी नाक मुरडलं नाही. पिशवीतला डबा उघडून दशमी माझ्या हातावर ठेवली. "मग खा की आता पोटभर."

प्रवासात मी देवळं, किल्ले, डोंगर पाहिले आहेत. या खेपेला काहीच पाहिलं नाही, आणि तरी इतक्या भरल्या मनानं मी कधी घरी परतलो नव्हतो.