मरायला नकार देणाऱ्या पेशी आणि वरचे काका

मरणाबद्दल इतक्या आनंदाने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गाझियाबादच्या आमच्या नव्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे हे काका दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करायचे. नव्वदीची ती वर्षं. आम्ही सगळे परदेशी कंपन्या आणि पहिली गाडी यांवर बोलायचो, काका पेशींवर. वीज जाऊन लिफ्ट अडकली की आतल्यांना, बायकोच्या हळदीकुंकवात सापडले तर जमलेल्या बायकांना, ते पेशीचं वेळेवर मरणं कसं महत्त्वाचं हे सांगत. एकदा भाजीवाल्याला म्हणाले, "भैया, अच्छी सेल वही जो वक़्त पर मर जाए." त्याने घाबरून कोथिंबिरीची जुडी तशीच पिशवीत टाकली.

सोसायटीच्या गणपतीत मी स्टेजवर त्यांची नक्कल केली. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात नसलेली परीक्षानळी: "पेशी मरत नाही, हेच तर दुखणं!" लोक हसून लोटपोट झाले. पडद्याशेजारी काका उभे होते. तेही हसले, जरा उशिरा.

त्याच हिवाळ्यात बाबांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट निघाल्या. "क्रॉनिक ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. रिपोर्ट घेऊन जिना चढताना मला माझीच लाज वाटत होती. काकांनी कागद पाहिला. "बाबांना घेऊन या," म्हणाले, आणि लगेच चपला शोधू लागले. "नको, मीच येतो."

बाबांना विचारून त्यांनी रक्त प्रयोगशाळेत तपासलं आणि काही दिवसांनी आम्हाला समजावलं. पेशीत मरण अडवणारी प्रथिनं असतात, तशी मरण घडवणारीही. बाबांच्या पेशींत अडवणारी जास्त होती, आणि अशा पेशी औषधाला सहजी दाद देत नाहीत.

"म्हणजे किती दिवस, काका?"

"पुष्कळ पेशंटचं मिळून काय होतं, याचा अंदाज देता येतो. ह्यांचं एकट्याचं मला ठाऊक नाही."

बाबा म्हणाले, "मर म्हटलं तरी ऐकत नाहीत? आमच्याच घरच्या!"

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मग दर रविवारी ते यायचे. त्यांचं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकणारा माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला होता. बाबा शंका विचारत, काका कागदावर गोल काढत, चहा गार होई. असे चार हिवाळे गेले. एकदा जिन्यात मी धीर करून म्हटलं, "काका, त्या गणपतीत मी जे..."

"अच्छा, ते?" काका म्हणाले. "बाबा आज जेवले का नीट?"

माझं वाक्य तिथेच राहिलं. बाबा गेले तेव्हाही ते पुरं झालं नाही. पुढे काका निवृत्त होऊन नागपूरला निघाले, त्या सकाळी मी गुडगावला मीटिंगमध्ये होतो. मीटिंग कसली होती, ते आता आठवतही नाही.

परवा पेपरात वाचलं, मरण अडवणाऱ्या त्याच प्रथिनांपैकी एकाला रोखणारं औषध आता ल्युकेमियाच्या पेशंटना देतात. बातमी दोनदा वाचली. काकांना कळवावं म्हणून फोन हातात घेतला, आणि लक्षात आलं, इतक्या वर्षांत मी त्यांचा नंबर कधी मागितलाच नव्हता.